तीन वर्षांची एलएलबी: एका सेमिस्टरचा अभ्यास कोणत्या क्रमाने करायचा

हिवाळी असो की उन्हाळी, निकाल लागला की तेच ऐकायला येतं. अभ्यास तर केला होता, सप्लिमेंट पण घेतल्या होत्या, तरी दोन विषय राहिले. मग असं सांगणाऱ्याला पेपरात काय लिहिलं ते विचारलं की लगेच कळतं, मेहनत कमी पडली नव्हती, क्रम उलटा होता. आधी गाइड, मग सिनिअरच्या झेरॉक्स, मग व्हॉट्सॲपवर फिरणारे आयएमपी प्रश्न, आणि बेअर ॲक्ट, म्हणजे टीका-टिपणी नसलेला कायद्याचा मूळ मजकूर, शेवटच्या रात्री उघडला नाहीतर उघडलाच नाही. बीए-बीकॉमला हे चालून गेलेलं असतं म्हणून इथेही चालेल असं वाटतं, पण कायद्याच्या पेपरात कलमाचा एक शब्द सुटला की अख्खं उत्तर भलतीकडे जातं.

खाली दिलेला क्रम नागपुरात एलएलबी करणाऱ्यांसाठी आहे, खास करून जे नोकरी सांभाळून करून राहिले त्यांच्यासाठी, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आणि वाया घालवायला तर अजिबात नाही.

टप्पा १: पहिल्या आठवड्यात काय जमवायचं

१. विद्यापीठाच्या साइटवरून तुमच्या बॅचचा सिलॅबस काढा आणि प्रिंट करून घ्या. सिनिअरकडून आलेला नको. स्कीम बदलली असेल तर त्याचे युनिट आणि तुमचे युनिट वेगळे असतात, आणि हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळून काही उपयोग नाही.

२. प्रत्येक विषयाचे मागच्या चार-पाच हिवाळी-उन्हाळी परीक्षांचे पेपर. कॉलेजच्या लायब्ररीत मिळतात, नाहीतर बॅचमध्ये कोणाकडे तरी असतातच.

३. प्रत्येक कायद्याचा बेअर ॲक्ट, चालू आवृत्तीचा. बर्डीवर जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, टेक्स्टबुक तिथून खुशाल घ्या, पण बेअर ॲक्ट जुना घेऊ नका. पैशाची अडचण असेल तर इंडिया कोड या सरकारी साइटवर केंद्राचे कायदे फुकट आहेत, तिथून उतरवून घ्या.

४. एका विषयाला एकच टेक्स्टबुक. तीन लेखकांची तीन पुस्तकं घेणारे पोट्टे तिन्हींचा पहिलाच चॅप्टर वाचून थांबतात, हे मी दर वर्षी पाहते.

५. दोन वह्या. एक कलमांची आणि केसेसची, दुसरी फक्त उत्तरं लिहायची.

आता सिलॅबस समोर ठेवून जुन्या पेपरातला एक-एक प्रश्न त्याच्या युनिटसमोर लिहा, आणि बाजूला खूण करा की तो मोठा प्रश्न होता, टीप होती की प्रॉब्लेम होता. अर्धा दिवस जातो याला. पण त्या एका कागदावर पुढच्या चार महिन्यांचा नकाशा तयार होतो आणि कुठल्या युनिटमधून नुसत्या टिपाच येतात तेही दिसतं.

सावधान: हा कागद पाहून युनिट सोडून द्यायचं नाही. कुठे जास्त वेळ द्यायचा तेवढंच यावरून ठरवायचं.

टप्पा २: बेअर ॲक्ट, आणि तो वाचायचा कसा

टेक्स्टबुकच्या आधी बेअर ॲक्ट. यात तडजोड नाही. पण गोष्टीचं पुस्तक वाचतात तसं वाचलं तर दहा पानांत झोप लागते, म्हणून रोज दहा-बारा कलमंच घ्या आणि पेन्सिल हातात घेऊन बसा.

इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, १८७२ चं कलम २५ घेऊन दाखवते. पहिलंच वाक्य सांगतं की कन्सिडरेशन, म्हणजे मोबदला, नसलेला करार व्हॉइड, म्हणजे कायद्याने शून्य. मग ‘अनलेस’ येतं आणि त्याच्या खाली तीन अपवाद. पहिल्या अपवादात अटी किती ते मोजा: करार लेखी पाहिजे, रजिस्टर केलेला पाहिजे, दोघं जवळच्या नात्यातले पाहिजेत, आणि तो स्वाभाविक प्रेमापोटी केलेला पाहिजे. चारही एकाच वेळी लागतात. पेपरात बापाने पोराला कागदावर लिहून दिलेलं असतं पण रजिस्टर केलेलं नसतं, आणि निम्मा वर्ग ‘नॅचरल लव्ह अँड अफेक्शन’ एवढं वाचून करार वैध आहे असं लिहून मोकळा होतो. मार्क तिथेच जातात.

दुसऱ्या अपवादात आपणहून आधीच केलेल्या कामाची भरपाई, तिसऱ्यात मुदतबाह्य कर्ज फेडायचं लेखी आणि सही केलेलं वचन. त्याखाली इलस्ट्रेशन्स आहेत, ती सोडू नका. ‘ब’ची हरवलेली पर्स ‘अ’ला सापडते, तो ती परत करतो, मग ‘ब’ ५० रुपये द्यायचं कबूल करतो, हा करार आहे. हजाराचा घोडा दहा रुपयांत विकायचं ‘अ’ राजीखुशीने कबूल करतो, तोही करार आहे, कारण मोबदला कमी पडला म्हणून करार व्हॉइड होत नाही. पण संमती खरंच मोकळेपणाने दिली होती का हे ठरवताना कोर्ट तो कमीपणा लक्षात घेऊ शकतं, हे त्याच कलमाच्या दुसऱ्या एक्स्प्लनेशनमध्ये आहे. पेपर काढणारे प्रॉब्लेम बरेचदा इलस्ट्रेशन्समधूनच थोडे फिरवून काढतात.

प्रत्येक कलमात या गोष्टी शोधा:

अ) ‘अँड’ आहे की ‘ऑर’. याने अटी सगळ्या लागतात की एक पुरते ते ठरतं.

ब) ‘मीन्स’ आहे की ‘इन्क्लुड्स’. व्याख्येत ‘मीन्स’ असेल तर साधारणपणे तेवढंच, ‘इन्क्लुड्स’ असेल तर त्यापलीकडेही जागा असते.

क) ‘शॅल’ की ‘मे’. ‘शॅल’ असेल तर साधारणपणे बंधनकारक, ‘मे’ असेल तर मुभा.

ड) ‘प्रोव्हायडेड दॅट’, ‘सब्जेक्ट टू’, ‘नॉटविथस्टँडिंग’. हे शब्द आले की थांबा, कारण नियम तिथे वळण घेतो.

मग वहीत ते कलम आपल्या शब्दांत दोन-तीन ओळींत लिहा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी आधी मराठीत लिहिलं तरी चालेल, अडलं तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश पाहा, पण इंग्रजी संज्ञा सोबत लिहून ठेवाच. उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येईल ते कॉलेजच्या ऑफिसमध्ये सुरुवातीलाच विचारून घ्या.

सावधान: कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये कलम ७५ नंतर एकदम १२४ येतं. पानं गहाळ नाहीत. मधली कलमं माल विक्रीची होती, ती रद्द होऊन १९३० चा वेगळा कायदा झाला. तसंच २३९ पासूनची भागीदारीची कलमं १९३२ च्या कायद्यात गेली.

तपासा: पुस्तक बंद करून कलमातल्या अटी बोटांवर मोजता येतात का? येत नसतील तर पुढच्या कलमावर जाऊ नका.

टप्पा ३: क्लास आणि हजेरी

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. काही विशेष कारणाने कमी पडली तर ६५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, पण सगळे विषय मिळून ७० टक्के भरत असतील तरच. महिन्यातून एकदा आपली हजेरी ऑफिसमधून विचारून घ्या. फॉर्म भरायच्या वेळी रडारड करण्यापेक्षा हे लई सोपं.

क्लासला जाण्याआधी त्या दिवसाची कलमं नुसती नजरेखालून घाला, वीस मिनिटं पुरतात. मग सर शिकवत असताना तुम्ही डिक्टेशन घेणार नाही, प्रश्न विचाराल.

टप्पा ४: टेक्स्टबुक आणि केसेस

कलमं एकदा झाली की मगच टेक्स्टबुक. आता ते भराभर जातं, कारण लेखक कशाबद्दल बोलतोय ते माहीत असतं.

केसचं नाव पाठ करून फायदा नाही. प्रत्येक केसला वहीत अर्धं पान द्या आणि चार गोष्टी लिहा: काय घडलं, कोर्टापुढे प्रश्न काय होता, निर्णय काय, आणि का.

उदाहरण, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, १९०३. अल्पवयीन धर्मोदासने २० हजारांच्या कर्जासाठी सावकाराला मालमत्ता गहाण लिहून दिली. तो अल्पवयीन आहे हे सावकाराच्या माणसाला माहीत होतं. प्रश्न: हा करार व्हॉइड की व्हॉइडेबल, म्हणजे एका पक्षाला वाटलं तर रद्द करता येणारा? निर्णय: सुरुवातीपासूनच व्हॉइड. का: कलम १० आणि ११ एकत्र वाचली तर करार करायला सक्षम असणं ही मूळ अट आहे, आणि कलम ६४ व ६५ प्रमाणे पैसे परत मागायचे तर आधी सक्षम लोकांमधला करार असावा लागतो. झालं, एवढंच. हे अर्धं पान तुम्हाला तीन वर्षं पुरतं.

मोठ्या जजमेंटमध्ये सगळं वाचायची गरज नाही, पण ज्या भागात कोर्ट कारण देतं तो मूळ भाग स्वतः वाचा. ई-एससीआर या सुप्रीम कोर्टाच्या साइटवर त्याची जजमेंट्स फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीतही आहेत.

सावधान: एआय चॅटबॉटने दिलेलं केसचं नाव किंवा सायटेशन मूळ जागी शोधल्याशिवाय वहीत उतरवू नका. नसलेल्या केसेस तो बिनधास्त बनवून देतो. परीक्षेत मार्क जातील, पण हीच सवय घेऊन उद्या कोर्टात उभे राहिलात तर फार महागात पडेल.

टप्पा ५: लिहिणं, आणि हे पहिल्या महिन्यापासून

सगळ्यात जास्त लोक इथेच मार खातात. वाचलेलं असतं, समजलेलंही असतं, पण पहिलं उत्तर थेट परीक्षेच्या हॉलमध्येच लिहिलं जातं. आठवड्याला दोन उत्तरं, घड्याळ लावून, पुस्तक बंद. रविवारी सकाळी अभ्यासिकेत बसून लिहा आणि बॅचमधल्या कोणाची तरी अदलाबदल करून तपासा.

प्रॉब्लेम कसा सोडवायचा ते एका उदाहरणाने पाहू. मानेवाड्यातला सतरा वर्षांचा पोट्टा वय एकोणीस सांगून जुनी बाइक हप्त्यावर घेतो, दोन हप्ते भरतो आणि मग बंद. विकणाऱ्याने पैशासाठी दावा लावला. काय होईल?

१. मुद्दा लिहा. अल्पवयीनाशी केलेल्या कराराचे पैसे वसूल होतात का, आणि त्याने खोटं वय सांगितल्याने काही फरक पडतो का?

२. नियम लिहा. कलम १० आणि ११, सज्ञान वय १८ हे १८७५ च्या मेजॉरिटी ॲक्टमधून, आणि मोहोरी बीबी. खोटं वय सांगितलं म्हणून अल्पवयीनाला एस्टॉपेल लागत नाही, म्हणजे आपण अल्पवयीन होतो असा बचाव त्याला तरीही घेता येतो. पण स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३३ प्रमाणे त्याला जेवढा लाभ झाला तेवढा परत करायला कोर्ट सांगू शकतं. शिवाय कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ६८, गरजेच्या वस्तूंचं.

३. आता तो नियम या पोट्ट्याला लावा. करार व्हॉइड, म्हणून हप्ते करारावरून वसूल होणार नाहीत. बाइक अजून त्याच्याकडे असेल तर ती परत द्यायला लावता येईल. बाइक ही गरजेची वस्तू आहे का, हे त्याच्या परिस्थितीवर अवलंबून, आणि मानली तरी वसुली त्याच्या मालमत्तेतून होते, तो स्वतः जबाबदार होत नाही.

४. निष्कर्ष, दोन ओळी.

बहुतेक जण दुसऱ्या पायरीवर तीन पानं लिहितात आणि तिसरी चार शब्दांत गुंडाळतात, ‘म्हणून अमुक जबाबदार नाही’. खरे मार्क तिसऱ्या पायरीला आहेत राजेहो. प्रॉब्लेममधला प्रत्येक तपशील, वय, हप्ते, खोटं बोलणं, उत्तरात कुठेतरी वापरला गेला पाहिजे.

तपासा: उत्तरात प्रॉब्लेममधल्या माणसाचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदाच्या आधी येतो का? नसेल तर तुम्ही निबंध लिहिला.

फौजदारी विषय असेल तर हे आधी वाचा

१ जुलै २०२४ पासून आयपीसी (भारतीय दंड संहिता), सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत, तरी जुन्या गाइडमधले नंबर अजून उत्तरपत्रिकेत येतात. खुनाची शिक्षा आधी आयपीसीचं ३०२, आता न्याय संहितेचं १०३. नवीन ३०२ धार्मिक भावना दुखावण्याचं आहे. सीआरपीसीमधून नागरिक सुरक्षा संहितेत येताना अटकपूर्व जामीन ४३८ वरून ४८२ वर गेला, आणि जुनं ४८२, म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आता ५२८. जमावबंदीचं १४४ आता १६३ आहे आणि नवीन १४४ पोटगीचं. एफआयआर १५४ वरून १७३. नंबर लिहिताना कायद्याचं नाव सोबत लिहाच.

जुनी केस लिहायची असेल तर तिच्यातलं जुनं कलम आणि आजचं कलम दोन्ही द्या. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला आयपीसीच लागते, त्यामुळे प्रॉब्लेममध्ये तारीख दिली असेल तर ती आधी पाहा.

टप्पा ६: प्रॅक्टिकलची फाइल

शेवटच्या वर्षाच्या मूट (सरावासाठीचं नकली कोर्ट) आणि इंटर्नशिपच्या पेपरात बार कौन्सिलची विभागणी अशी आहे: तीन मूट ३० मार्क, दोन खटल्यांचं निरीक्षण ३०, पक्षकारांच्या मुलाखती आणि दाव्याची तयारी पाहून लिहिलेली डायरी ३०, तोंडी १०. तीन वर्षांत किमान बारा आठवडे इंटर्नशिप, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही. म्हणजे सगळं शेवटच्या सुट्टीत उरकू म्हणणाऱ्यांचं गणित तिथेच चुकतं. पहिल्या वर्षापासून सुरू करा.

फाइल एकमेकांची कॉपी करून भरली की तोंडीला दोन प्रश्नांत उघडी पडते. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, लागतो तेव्हा जा, पुकारा होतो ते ऐका, कोणत्या केसमध्ये साक्ष सुरू आहे ते एखाद्या वकिलाला नम्रपणे विचारा, आणि मागच्या बाकावर बसून लिहा: केस नंबर, तारीख, आज कोणता टप्पा, साक्षीदार कोण, सरतपासात काय आलं, उलटतपासात वकिलाने काय काढून घेतलं. पुढची तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी परत जा. केस एकच, पण तीन-चार तारखा पाहिल्या की सीपीसीमधले (दिवाणी प्रक्रिया संहितेतले) मुद्दे काढणं आणि लेखी कैफियत हे शब्द कायमचे कळतात. कोर्टात मोबाइल सायलेंट, आणि रेकॉर्डिंग अजिबात नाही.

टप्पा ७: शेवटचे तीन आठवडे आणि पेपर

आता नवीन काही वाचायचं नाही. फक्त कलमांची वही, केसेसची अर्धी पानं आणि टप्पा १ चा तो कागद. प्रत्येक विषयाचा एक जुना पेपर पूर्ण वेळ लावून लिहा. उन्हाळी परीक्षा असेल तर दुपारी लिहून पाहा, मे महिन्याच्या उकाड्यात हात आणि डोकं किती चालतं ते आधीच कळलेलं बरं.

हॉलमध्ये पहिली दहा मिनिटं पेपर वाचा आणि प्रश्न निवडा. एकूण वेळ मार्कांनी भागून प्रत्येक प्रश्नाची वेळ कोपऱ्यात लिहा आणि ती पाळा, पहिलं उत्तर आठ पानं आणि शेवटचं दीड पान असं होऊ देऊ नका. कलम नंबर नक्की आठवत नसेल तर अंदाजे ठोकू नका, नियम शब्दांत लिहा आणि कायद्याचं नाव द्या. केसचं वर्ष आठवत नसेल तर सोडा, नाव आणि तत्त्व पुरतं.

टप्पा ८: निकालानंतर

विषय राहिला किंवा मार्क फारच कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. दोन्हींची मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच विद्यापीठाच्या साइटवरची सूचना उघडून तारीख लिहून घ्या. प्रत हातात आली की पेन घेऊन बसा आणि प्रत्येक उत्तरात टप्पा ५ मधल्या चार पायऱ्या शोधा, जी सापडत नाही ती समासात लिहा. राहिलेला विषय पुढच्या सेमिस्टरच्या वेळापत्रकात पहिल्याच आठवड्यापासून टाका, आठवड्याला एक उत्तर त्या विषयाचं. आणि बेअर ॲक्ट विकून टाकू नका. वकिली करायची तर ऑल इंडिया बार एक्झाम द्यावी लागते, तिथे नोट्स नसलेला कोरा बेअर ॲक्ट आत नेता येतो. पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या खोडून घ्या आणि त्यानंतर झालेल्या दुरुस्त्या आल्यात का ते पाहा.